‘कायमचे’ म्हणजे किती दिवस?

फ्युनिमेशन नावाचे एक ॲप २ एप्रिल २०२४ रोजी बंद झाले. जपानी चित्रमालिका, ज्यांना आजची मुले ‘ॲनिमे’ म्हणतात, त्या इंग्रजीत आणून दाखवणारी ही अमेरिकेतली जुनी कंपनी. आपल्याकडे या ॲपचे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. तरीही जुन्नरच्या आमच्या घरात आणि माझ्या वर्गातल्या मुलामुलींत त्या बातमीवर कितीतरी दिवस बोलणे चालू होते. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ॲनिमे म्हणजे तिचा जीव की प्राण. तिच्या मैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात एक मैत्रीण मंचरची, एक मालेगावची, एक भिवंडीची. या मुलींनी कधी न पाहिलेल्या ॲपसाठी एवढा शोक का करावा, हे आधी माझ्या लक्षात येईना. समजून घ्यायला बसले तेव्हा ध्यानात आले की हा विषय कार्टूनपुरता नाही. तुमच्या-माझ्या घरातल्या पुष्कळ गोष्टी यात येतात, म्हणून वाचक भगिनी-बंधूंसाठी तो इथे मांडते आहे.

आधी ॲनिमेविषयी थोडे. ‘हे जपानी खूळ कुठून आले?’ असे आमच्या शिक्षक खोलीत कुणी म्हणाले की मी १९९३ सालची आठवण करून देते. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचे. गीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. मंचरला माझ्या माहेरी टीव्ही होता म्हणून मोहल्ल्यातली अर्धी पोरे आमच्या ओट्यावर आणि दारात बसलेली असायची. ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती, निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओत. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. मोगली आम्हाला आपलाच वाटायचा. पुढे आमच्या लहान भावंडांनी डोरेमॉन आणि शिनचॅन पाहिले, तेही जपानचेच. आजची मुले नारुतो, वन पीस, डेमन स्लेयर बघतात. नावे बदलली, पण नाते जुने आहे. फरक एवढाच की आम्ही दूरदर्शन जे दाखवेल ते पाहायचो आणि आजची मुले काय पाहायचे ते स्वतः निवडतात. निवडतात म्हणून त्यात गुंततातही जास्त.

आता या विलीनीकरणाची हकिकत. फ्युनिमेशन ही कंपनी १९९४ मध्ये जेन फुकुनागा यांनी अमेरिकेत सुरू केली. ‘ड्रॅगन बॉल’सारख्या मालिका इंग्रजीत डब करून तिने नाव कमावले. दुसरी कंपनी क्रंचीरोल. ती २००६ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांनी सुरू केली. सुरुवातीला तिथे चाहतेच मालिका चढवत आणि स्वतःच त्यांची भाषांतरे करून खाली सबटायटल लावत. त्याला कुणाची परवानगी नव्हती. पुढे जपानी वाहिन्यांशी रीतसर करार झाले आणि २००९ पासून तिचा कारभार कायदेशीर वाटेने चालू लागला. म्हणजे एक कंपनी डबिंगवर वाढली आणि दुसरी चाहत्यांच्या हौसेवर. दोघींचा प्रेक्षक एकच असला तरी आवडीनिवडी वेगळ्या होत्या. डब चांगले की मूळ जपानी आवाज आणि खाली अक्षरे, यावर चाहत्यांत आजही वाद होतात. आपल्याकडे मुशायऱ्यात तरन्नुम हवे की तहत, यावर जसे दोन गट पडतात तसेच ते आहे.

२०१७ मध्ये सोनीने फ्युनिमेशनचा मोठा हिस्सा घेतला. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की फ्युनिमेशन क्रंचीरोल विकत घेणार. किंमत होती १ अब्ज १७ कोटी ५० लाख डॉलर. अमेरिकेच्या न्याय खात्याने या व्यवहाराची तपासणी केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो पुरा झाला. त्या वेळी क्रंचीरोलचे पैसे भरणारे वर्गणीदार ५० लाख होते. मग १ मार्च २०२२ रोजी कंपनीने सांगितले की सगळ्या मालिका आता क्रंचीरोलवर येतील. विकत घेणाऱ्या कंपनीने स्वतःचे नाव सोडले आणि विकत घेतलेलीचे नाव लावले.

हे ऐकून मला आंबेगाव आठवले. मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला, बाजारपेठ मंचरला, पण तालुक्याचे नाव अजून आंबेगावच. कागदावर नाव आहे, गाव नाही. फ्युनिमेशनचे उलटे झाले. तिथली माणसे, पैसा, कारभार टिकला आणि नाव गेले. व्यवहार करणाऱ्याला नाव ही किरकोळ गोष्ट वाटत असेल. ज्याचे बालपण त्या नावाखाली गेले त्याला ती किरकोळ वाटत नाही.

चाहत्यांच्या प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या. आपण मोठी माणसे ‘पोरांनी गोंधळ घातला’ एवढ्यावर विषय संपवतो, म्हणून हे जरा नीट सांगते. पहिली प्रतिक्रिया सुटकेची होती. आजवर दोन ठिकाणी वर्गणी भरावी लागत होती, आता एकात भागेल, असे अनेकांना वाटले आणि ते खरेही होते. दुसरी प्रतिक्रिया धास्तीची होती. गावात दोन किराणा दुकाने असली की भाव ताळ्यावर राहतो, एकच उरले की दुकानदार म्हणेल तो भाव, हे शहाणपण चाहत्यांनी लगेच बोलून दाखवले. मे २०२४ मध्ये अमेरिकेत क्रंचीरोलच्या मधल्या दर्जाची वर्गणी महिन्याला ९.९९ डॉलरवरून ११.९९ डॉलर झाली, तेव्हा ‘आम्ही म्हणत नव्हतो का?’ असा सूर उमटला. तिसरी प्रतिक्रिया हळहळीची होती. क्रंचीरोलने २०२२ मध्ये राइट स्टफ हे १९८७ पासूनचे ॲनिमेचे दुकान घेतले आणि पुढच्या वर्षी ते आपल्या दुकानात मिसळून टाकले. व्हीआरव्ही ही सेवा बंद झाली. फ्रान्समध्ये सुरू झालेली वाकानिम ही सेवाही बंद झाली. एकामागून एक ओळखीचे दरवाजे लागत गेले.

चौथी प्रतिक्रिया रागाची होती आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. फ्युनिमेशन डीव्हीडी आणि ब्लू-रे विकत असे. खोक्यात एका चिठ्ठीवर सांकेतिक क्रमांक असायचा. तो क्रमांक आपल्या खात्यात भरला की त्या मालिकेची डिजिटल प्रत खात्यात जमा व्हायची. ही प्रत कायमची तुमची, असा भरवसा ग्राहकांना दिलेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये कळवण्यात आले की ॲप बंद होईल आणि या डिजिटल प्रती क्रंचीरोलवर नेता येणार नाहीत. काय पाहिले आणि काय पाहायचे आहे याची यादी नेता येईल, पण विकत घेतलेली प्रत नेता येणार नाही. कंपनीचे प्रमुख राहुल पुरिनी यांनी त्यानंतर मुलाखतीत सांगितले की ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याशी एकेकाशी बोलून योग्य मोबदला देण्याचा प्रयत्न चालू आहे. पण मोबदला मागायला जाणे आणि आपली वस्तू आपल्या कपाटात असणे यात फरक आहे. वर्षानुवर्षे पैसे साठवून घेतलेला संग्रह एका नोटिशीने जातो, हे लोकांना सहन झाले नाही.

माझ्या मुलीने मला विचारले, “अम्मी, पैसे दिले, पावती मिळाली, तरी ती वस्तू आपली नाही, असं कसं?”

मी भाषा शिकवते, कायदा नाही. पण हा प्रश्न तसा भाषेचाच आहे, म्हणून मी तिला बँकेचे उदाहरण दिले. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या. त्याआधी एक वर्ष देना बँक बडोदा बँकेत मिसळली होती. ज्यांची खाती तिथे होती त्यांना नवे पासबुक घ्यावे लागले, आयएफएससी क्रमांक बदलले, चेकबुके बदलली, लोकांनी रांगा लावल्या आणि कुरकुरही केली. पण कुणाच्या ठेवीतला एक रुपया कमी झाला नाही. कारण ठेव ठेवीदाराची असते आणि बँक ती सांभाळते. आपल्या घरच्या शब्दात ती अमानत असते. सांभाळणारा बदलला म्हणून अमानत बदलत नाही.

डिजिटल प्रतीचे तसे नाही. बटणावर ‘खरेदी करा’ असे लिहिलेले असते, पण खालच्या बारीक अक्षरांत आपल्याला मिळते ते पाहण्याचे परवानापत्र. परवाना देणारा तो मागे घेऊ शकतो. हे काही २०२४ मध्ये पहिल्यांदा घडले नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल यंत्रांवरून जॉर्ज ऑर्वेल यांच्या पुस्तकांच्या प्रती वाचकांना न विचारता काढून घेतल्या होत्या. पैसे परत दिले, पण विकलेले पुस्तक रात्रीतून गायब होऊ शकते हे तेव्हा जगाला कळले. अशा तक्रारी वाढल्यावर कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूच्या बाबतीत ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल, तर हा फक्त परवाना आहे असे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. चाहत्यांच्या ज्या ओरड्याला आपण पोरखेळ म्हणतो, तसल्या ओरड्यांतूनच कायद्याची भाषा सुधारते. वर्गात समानार्थी शब्द शिकवताना मी आता ‘विकत’, ‘भाड्याने’, ‘उसने’ आणि ‘परवाना’ हे चार शब्द शेजारी शेजारी लिहिते. हे समानार्थी नाहीत, हे मुलांना पटकन पटते.

आमचे जुन्नर एके काळी कागदासाठी प्रसिद्ध होते. इथले कागदी लोक, म्हणजे कागद करणारी मुस्लिम कुटुंबे, हाताने लगदा तयार करून, ताव उचलून, वाळवून, घोटून कागद बनवत. ‘जुन्नरी कागद’ हे नाव दप्तरांच्या जगात ओळखीचे होते. पुण्यातला कागदीपुराही याच धंद्याच्या लोकांचा. तो व्यवसाय गिरणीच्या कागदापुढे टिकला नाही. पण त्या हातकागदावर लिहिलेले मराठी दप्तर आजही वाचता येते. लिहिणारा गेला, राज्य गेले, कागद करणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या दुसऱ्या धंद्यांत गेल्या, तरी कागद आहे. मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्या पूर्वजांचा माल कंपनी बंद पडल्यावरही चालू आहे.” थट्टेत म्हणाली, पण बरोबर म्हणाली.

याचा अर्थ जुने तेवढे सोने असे मी म्हणत नाही. कॅसेटची टेप गुंतायची, कागदाला वाळवी लागते, पुराच्या पाण्यात घरे गेली की अल्बमही जातात. आमच्या अब्बांनी मंचरच्या दुकानातून भरून आणलेल्या कव्वालीच्या कॅसेटी माझ्याकडे आहेत, पण त्या वाजवायला यंत्र मिळत नाही. मात्र त्या खराब झाल्या तर आमच्या हातून किंवा काळाच्या हातून झाल्या. कुणी दूरवर बसून ठरवले आणि त्या दिवसापासून त्या आमच्या राहिल्या नाहीत, असे झाले नाही. या दोन नुकसानीत मला मोठा फरक वाटतो.

आता त्या मुलींच्या शोकाकडे येते. ज्यांनी फ्युनिमेशन वापरलेच नाही त्या का हळहळल्या? याचे उत्तर आपल्या भागातल्या मुलांचे दिवस कसे जातात त्यात आहे. जुन्नर आणि आंबेगाव म्हणजे उसाचा आणि बिबट्याचा मुलूख. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, यावरूनच काय ते समजावे. ऊस उभा असला की मळ्यातल्या वस्तीवर मगरिबच्या आधी मुलांना घरात घ्यावे लागते. गावातल्या मुलींना तर बिबट्या नसला तरी संध्याकाळी बाहेर थांबायला घरच्यांची परवानगी नसते. मैदानावरचा खेळ, चौकातल्या गप्पा, पुण्या-मुंबईला भरणारे ॲनिमे चाहत्यांचे मेळावे, यांतले काही त्यांच्या वाट्याला येत नाही. मग एकच मालिका एकाच वेळी आपापल्या घरी पाहायची आणि ग्रुपवर तिच्याविषयी बोलायचे, ही त्यांची अंगणातली बैठक. मालेगावच्या त्या मुलीला माझी मुलगी आजवर प्रत्यक्ष भेटलेली नाही. पण तिच्या अब्बांच्या ऑपरेशनच्या वेळी आमच्या घरात दुआ मागितली गेली. मैत्री खोटी नव्हती. फक्त ती ज्या ओट्यावर बसली होती तो ओटा दुसऱ्याच्या मालकीचा होता.

जुलै २०२४ मध्ये क्रंचीरोलने आपल्या सगळ्या मालिकांखालच्या प्रतिक्रियांचा भाग काढून टाकला. तिथे शिवीगाळ आणि द्वेषाचे लिखाण होत असे हे खरे. त्याचबरोबर चाहत्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या जपानी शब्दांच्या फोडी, प्रसंगांचे अर्थ, एकमेकांना दिलेला धीर, हेही गेले. ज्या कंपनीची सुरुवात चाहत्यांच्या हातांनी झाली, तिच्या घरात चाहत्याला बोलायला जागा उरली नाही, अशी खंत पुष्कळांनी बोलून दाखवली. हे ऐकून भारतातल्या या मुली सावध झाल्या. ‘आज तिकडे झाले, उद्या इकडे होईल’ हा त्यांच्या शोकाचा अर्थ होता.

इकडेही होतेच आहे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र येऊन जिओहॉटस्टार झाले. त्याआधी ३१ मार्च २०२३ नंतर एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या होत्या. सोनीने आपली ॲनिमॅक्स ही वाहिनी भारतात २००४ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये बंद केली. त्या जागी सोनी याय ही मुलांची वाहिनी आली. म्हणजे आपल्याकडची मुले हे सगळे आधीच अनुभवत आली आहेत. मात्र भारतातल्या चाहत्यांची एक चांगली गोष्टही सांगायला हवी. दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट आपल्याकडे यावा म्हणून इथल्या चाहत्यांनी विनंतीपत्रावर ५० हजारांहून अधिक सह्या जमवल्या. तो चित्रपट ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतात प्रदर्शित झाला. नुसती हळहळ न करता नीट मागणी केली तर ऐकले जाते, याचे हे उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगते.

भाषेचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. क्रंचीरोलने २०२२ मध्ये भारतासाठी वर्गणी महिन्याला ७९ रुपयांपासून ठेवली आणि हिंदी डब मालिका आणायला सुरुवात केली. पुढे तमिळ आणि तेलुगू आल्या. मराठीचा नंबर त्यांच्या मागे राहिला, उर्दूचे तर नावच नाही. माझी मुलगी आपल्या दादीला मालिका दाखवते तेव्हा पडद्यावर जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरे आणि शेजारी मुलगी आमच्या घरच्या दखनीत सांगते आहे, असा प्रकार असतो. दादी मध्येच विचारते, “ये बच्चे के माँ-बाप किधर हैं?” ॲनिमेतल्या पुष्कळ नायकांचे आईबाप का नसतात, हा प्रश्न दादीने बरोबर पकडला! या सांगण्यातून मुलीची इंग्रजी वाचण्याची गती वाढली आणि उर्दू बोलणे सुधारले, हे मी शिक्षिका म्हणून खात्रीने सांगू शकते. मोठ्या बाजाराच्या हिशेबात लहान भाषा मागे पडतात. अशा वेळी ते काम घरातल्या पोरी करतात. क्रंचीरोलचे पहिले चाहते जे करत होते तेच हे.

विलीनीकरण हा शब्द आम्हा शिक्षकांच्या कानावर दुसऱ्या वाटेनेही येतो. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचे आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचे उदाहरण त्यासाठी पुढे ठेवले गेले. पालकांनी आणि शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. एकत्र शाळेत प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाचे शिक्षक मिळतील, मुलांना सोबती मिळतील, हे म्हणणे खोटे नाही. दोन मुलांच्या वर्गात कबड्डी खेळता येत नाही, हे मी पाहिले आहे. पण जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरातल्या वाड्यांवर पावसाळ्यात ओढे भरतात, तिथे सहा वर्षांच्या मुलीने रोज किती लांब जायचे? आणि पट कमी म्हणून एखादी उर्दू शाळा जवळच्या शाळेत मिसळली, तर इमारत मिळेल, खिचडी मिळेल, पण उर्दू मिळेल का?

ॲपच्या विलीनीकरणावर चाहत्यांनी जे प्रश्न विचारले तेच इथे लागू पडतात. एकत्र केल्याने खर्च कोणाचा वाचतो? जे हस्तांतरित होणार नाही त्याची यादी आधी दिली आहे का? ज्यांचे नुकसान होईल त्यांना विचारले का? परत जायचा रस्ता ठेवला आहे का? या चार प्रश्नांसाठी मी त्या ॲनिमेवेड्या पोरांची ऋणी आहे. पालक सभेत मी ते जसेच्या तसे वापरते.

घरातल्या व्यवहारासाठीही यातून काही ठरवता येते. आमच्या घरी आम्ही असे केले. पैसे भरण्याआधी मुलीने आम्हाला एका वाक्यात सांगायचे की हे विकत आहे की भाड्याने. भाड्याने असेल तरी हरकत नाही, ७९ रुपयांत महिनाभर चांगली करमणूक होत असेल तर ती महाग नाही. पण भाड्याच्या खोलीला आपण संगमरवर बसवत नाही, तसा हिशेब ठेवायचा. दुसरे, जे खरोखर आपले आहे ते आपल्या हातात ठेवायचे. लग्नाचे फोटो, अब्बांच्या आवाजातली व्हॉट्सॲपवरची क्लिप, मुलांच्या पहिल्या रमजानचे व्हिडिओ, हे एका पेनड्राइव्हवर आणि एका हार्डडिस्कवर घेतले, दोन वेगळ्या घरांत ठेवले, आणि निवडक फोटो कागदावर छापून घेतले. तिसरे, मुलींच्या ग्रुपने एकमेकींचे पत्ते आणि घरच्यांचे फोन नंबर वहीत लिहून घेतले. घरच्यांच्या ओळखी झाल्यामुळे आम्हा आयांचीही काळजी कमी झाली. चौथे, आम्ही मुलांसोबत बसून पाहतो. प्रत्येक मालिका मुलांच्या वयाची नसते. काहींत रक्तपात फार असतो, काहींत घरात बसून पाहू नये असे पुष्कळ असते. ॲपवर वयाची खूण दिलेली असते, पण आईबापांनी शेजारी बसण्याला पर्याय नाही. सोबत बसले की नको ते बंद करायला सांगताना भांडण होत नाही, कारण मूल आपल्याला परके समजत नाही.

मुलांच्या आवडीवर हसणे सोपे असते. आमच्या पिढीने दिल्लीहून येणारे ‘खिलौना’ मासिक बंद झाल्याची हळहळ ऐकली आहे. ज्यांनी लहानपणी त्याची वाट पाहिली होती, ती पांढऱ्या दाढीची माणसे आजही त्याचे नाव निघाले की गप्प होतात. त्यांच्या हळहळीला आपण साहित्यप्रेम म्हणतो. मुलांच्या हळहळीलाही तेवढाच मान द्यायला हवा. कुणाच्या तरी कल्पनेतून आलेल्या गोष्टीवर जीव जडला, ती गोष्ट सोबत पाहणारे सोबती मिळाले, आणि मग ती जागा कुणी तरी बंद केली. दुःख तेच आहे.

यंदा दहावीच्या वर्गाला पत्रलेखनाचा सराव देताना मी नेहमीचे विषय बाजूला ठेवले. विषय दिला, ‘तुमची आवडती सेवा बंद होणार आहे. व्यवस्थापकांना तक्रारीचे पत्र लिहा.’ एकाने मुक्कामी एसटीबद्दल लिहिले, एकीने वाचनालयाबद्दल, तिघांनी ॲनिमेबद्दल. एका मुलाने शेवटी लिहिले होते, ‘बंद करायचे असेल तर करा, पण आमचे जे आहे ते आम्हाला आधी परत द्या.’ त्या पत्रात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या, शेवटच्या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढली आणि ते पत्र वर्गात मोठ्याने वाचून दाखवले.